चेहरे टाकीत जाऊ न देण्याबाबत

माणूस नश्वर आहे. त्याचा फ्लेक्स नाही. माणूस सरासरी सत्तर वर्षं टिकतो, त्यानंतर तेराव्यापर्यंत आठवणीत राहतो, आणि मग त्याची खोली कोणाला द्यायची यावर घरात चर्चा सुरू होते. फ्लेक्स किती टिकतो याबद्दल मात्र जाणकारांत मतभेद आहेत. कोणी चारशे वर्षं म्हणतं, कोणी हजार. नक्की कोणालाच सांगता येत नाही, कारण पेठेत लागलेल्या पहिल्या फ्लेक्सलाही अजून कुजायला सवड मिळालेली नाही. तेव्हा जे टिकतं त्यावर आपला चेहरा छापून घ्यावा, असा सरळ विचार आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेने फार पूर्वीच केला, आणि त्याची अंमलबजावणी आजतागायत अखंड चालू आहे.

गेल्या वर्षी आमच्या तालमीने याची रीतसर मोजणी केली. (तालमीचं नाव देत नाही. दिलं की शेजारच्या तालमीचं का दिलं नाही म्हणून माणसं येतात.) तालमीच्या दारापासून चारशे पावलांच्या आत एकशे सदतीस फ्लेक्स भरले. त्यांवरचे चेहरे दोन हजार नऊशे चार. याच टापूत प्रत्यक्ष राहणारी माणसं अकराशे. म्हणजे दर माणशी अडीचहून जास्त चेहरे पडतात. इतर शहरांचे आकडे आमच्याकडे नाहीत, पण ते कमीच असणार याबद्दल मोजणाऱ्यांच्या मनात शंका नव्हती. वाढदिवसाचे फ्लेक्स साठ टक्के, निवडीबद्दल अभिनंदनाचे बावीस, फुटबॉलचे अकरा, श्रद्धांजलीचे सहा. उरलेला एक टक्का 'येथे फ्लेक्स लावू नये' असं बजावणारे. (तेही फ्लेक्सच. खाली बजावणाऱ्याचा चेहरा.) भावी नगरसेवक सव्वीस. जागा एक, आणि ती महिलांसाठी राखीव.

मी हे अभिमानाने सांगतो. एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळून मी निवृत्त झालो. त्या चौतीस वर्षांत माझा चेहरा आमच्या शिपायालाही नीट पाठ झाला नव्हता. तालमीचा सचिव झालो आणि पहिल्याच वर्षी एकोणीस फ्लेक्सवर आलो. बायको दूध आणायला जाताना कोपऱ्यावर थांबून बघायची. माणसाला आणखी काय लागतं?

अशा सुखात चाललेल्या पेठेत डॉ. वर्षाराणी मशीन घेऊन आल्या.

वर्षाराणी आमच्याच पेठेतल्या. वडिलांचा मंगळवार पेठेत चटणी कांडायचा डंक आहे. मुलगी लहानपणापासून हुशार, इतकी की शेवटी परगावी जावं लागलं. तिथे एका संशोधन संस्थेत नऊ वर्षं त्यांनी एकाच गोष्टीवर काम केलं, ते म्हणजे प्लास्टिक पचवणारं विकर. (विकर हा सरकारी शब्द. बोलताना एन्झाइमच म्हणतात, म्हणजे काहीतरी भारी आहे एवढं तरी कळतं.)

तालमीच्या सभागृहात बाईंनी सगळं समजावून सांगितलं. फ्लेक्स दिसायला एक कापड असलं, तरी ते एक नसतं. आत पॉलिस्टरचं विणकाम, दोन्ही अंगांना दुसऱ्याच प्लास्टिकचा थर, आणि त्यावर शाई. हे एकमेकांना असं चिकटलेलं असतं की ते सोडवत बसणं कोणाला परवडत नाही, म्हणून भंगारवालासुद्धा फ्लेक्सला हात लावत नाही. बाईंच्या पद्धतीत आधी त्याचे तुकडे करायचे, वरचा थर सैल करायचा, मग टाकीतल्या गरम पाण्यात एन्झाइम सोडायचं. आपल्या पोटात भाकरीचं जे होतं तेच मग आतल्या पॉलिस्टरचं होतं. ते सुटतं, आपल्या मूळच्या दोन पदार्थांत परत जातं, आणि त्या पदार्थांपासून नवा कोरा धागा निघतो. वरचा थर न पचता बाजूला पडतो, त्याचं वेगळं काही करता येतं. आणि हा नवा धागा जुना झाला, की त्यालाही पुन्हा टाकीत घालता येतं.

"दुधाला इरजण लावल्यागत?" दाराशी बसलेल्या शालूबाईंनी विचारलं. शालूबाई बावीस वर्षं आमच्या भागातला कचरा वेचतात. (दाराशी बसल्या होत्या, कारण खुर्च्या सभासदांसाठी होत्या.)

"तसंच काहीसं, मावशी," बाई म्हणाल्या. "फक्त विरजण जिवंत असतं, हे नसतं. ही नुसती कात्री समजा. अगदी बारीक."

मशीन मिळालं होतं ते अटीवर. संस्थेने ते नव्वद दिवसांपुरतं दिलं होतं. तेवढ्यात तीन टाक्या, दर टाकीला चारशे किलो फ्लेक्स, पचवून दाखवायचा. दाखवला तर मशीन कायमचं कोल्हापुरात, आणि शालूबाईंसह बारा बायकांना त्यावर पक्कं काम. डोक्यावर पत्रा, हातात मोजे, रविवारची सुटी. नाही दाखवला, तर मशीन ट्रकात घालून दुसऱ्या शहरात. खांबांवरचे सोडा, पण पेठेतल्या माळ्यांवर आणि गच्च्यांवर पडून असलेले जुने फ्लेक्सच तीन टनांच्या आसपास निघतील, असा बाईंचा हिशेब होता. त्यांना नव्वद दिवस जास्तच वाटले. हुशार माणसं चुकतात ती इथे.

तालमीचे अध्यक्ष हंबीरराव. पेठ त्यांना आबा म्हणते. एकशे सदतीसपैकी एकशे बारा फ्लेक्सवर ते आहेत, आणि उरलेल्या पंचवीसांचे मालक त्यांच्याशी बोलत नाहीत. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच मुद्द्याचा प्रश्न विचारला.

"म्हंजी ह्ये तुमचं औषध टाकीतनं भाईर सुटलं, आन् चढलं खांबावर, तर?"

"आबा, त्याला पासष्ट अंश गरम पाणी लागतं. खांबावर त्याच्यानं काही होत नाही."

"मे म्हयन्यात?"

बाईंनी मे महिन्यातही होणार नाही असं लेखी दिलं. त्यानंतर एन्झाइम मांसाहारी आहे का, श्रावणात ते चालेल का, आणि शेजारच्या तालमीला ते आधी दाखवलं होतं का, या तीन प्रश्नांचीही लेखी उत्तरं घेण्यात आली. तालमीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मशीन बसलं. उद्घाटनाचे एकतीस फ्लेक्स लागले. जागेअभावी त्यांवर मशीनचा फोटो घेता आला नाही. वर्षाराणीबाई मात्र होत्या, उजव्या कोपऱ्यात, मंडपवाल्याच्या खाली.

उद्घाटनाला पहिला मान म्हणून आबांच्या गेल्या वर्षीच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आणला होता. पंधरा फूट बाय दहा. शालूबाईंनी एक टोक धरलं, दुसरं टोक मी धरलं, आणि बाईंनी पातं लावलं. पातं टेकलं ते नेमकं आबांच्या कपाळावर.

कोणीतरी मागून "ए!" म्हणालं. बाईंचा हात थांबला.

आबा स्वतः अजिबात रागावले नाहीत, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. ते हसत म्हणाले, "माझं काय न्हाय वो, बाई. कापा की. पर लोकास्नी काय वाटंल?" लोकांना विचारलं. लोक म्हणाले, आमचंही काही नाही, पण आबांना काय वाटेल. पुढच्या शंभर दिवसांत मी पेठेतल्या किमान आठशे माणसांशी या विषयावर बोललो, आणि स्वतःच्या चेहऱ्याबद्दल हरकत घेणारा एकही माणूस मला भेटला नाही. प्रत्येकाची हरकत दुसऱ्याच्या वतीने होती. इतका निःस्वार्थ समाज शोधून सापडणार नाही.

अकरा मिनिटांत जागेवरच समिती स्थापन झाली. नाव, चेहरा विलगीकरण व सन्मान समिती. सदस्य तेरा, सचिव मी. समितीचं मूळ तत्त्व सोपं होतं. फ्लेक्स टाकीत जाईल. चेहरा जाणार नाही. चेहरा आधी कापून, सन्मानपूर्वक वेगळा काढून, पोत्यात ठेवण्यात येईल.

बाईंनी वाद घालून पाहिला. त्या म्हणाल्या, "आबा, तुमचे जुने फ्लेक्स दर पावसाळ्याच्या आधी गगनबावड्याकडं जातात. तिथं लोक गोठ्यावर घालतात. चार महिने म्हशी तुमच्या चेहऱ्याखाली बांधलेल्या असतात. ते चालतं?"

"त्ये येगळं. तितं मी जनावरास्नी आडोसा देतोय की."

समितीने हे तर्कशुद्ध मानलं आणि ठराव केला, की गोठ्याचं छप्पर ही सेवा आहे व टाकी ही विटंबना आहे. (गोठ्याच्या बाजूच्या भिंतीला लावलेला फ्लेक्स, ज्यावर म्हैस पाठ घासते, तो सेवेत मोडतो की विटंबनेत, हा मुद्दा पोटसमितीकडे आहे. पोटसमिती पाहणीसाठी गगनबावड्याला जाऊन आली. तिथे इतकं धुकं होतं की म्हैसच दिसली नाही.)

चेहरे कापायला मंगळवार पेठेतले दोन अनुभवी शिंपी नेमले. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, चेहरा म्हणजे कुठून कुठपर्यंत? प्रश्न शिंप्याचा होता, पण समितीला त्यावर नऊ बैठका घ्याव्या लागल्या. आधी ठरलं, केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत. मग फेट्याचं काय? फेटा हा माणसाचा मान, तो टाकीत घालून नुसतं तोंड वाचवण्यात काय अर्थ, म्हणून फेटा घेतला. गॉगल चेहऱ्यावरच असतो, तो आपोआप आला. गळ्यातली चेन ही कष्टाची कमाई. जोडलेले हात हा जनतेला केलेला नमस्कार, आणि नमस्कार विरघळवायचा म्हणजे जनतेचाच अपमान. नाव, नावाआधीची विशेषणं, नावाच्या मागे फोडलेला उजेड, हे सगळं एकेक करून चेहऱ्यात धरण्यात आलं. शेवटी सिंह राहिला. आमच्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सवर माणसाशेजारी सिंह घालायची पद्धत आहे. सिंहाचा चेहरा हा चेहरा आहे का? समितीने पुष्कळ विचार केला. सिंह हा आबांच्याच स्वभावाचं चित्र आहे, म्हणजे तो एका अर्थी आबाच, तेव्हा सिंहालाही सन्मानपूर्वक काढावं, असा निर्णय सहा विरुद्ध पाच मतांनी झाला. (दोन सदस्य तटस्थ राहिले. त्यांच्या फ्लेक्सवर वाघ होता.)

"मग टाकीत घालायला उरतं काय?" बाईंनी विचारलं.

"काठ," मी म्हणालो. मला सचिव म्हणून वस्तुस्थिती सांगणं भाग होतं.

लोकांचा प्रतिसाद मात्र अपूर्व होता. आपला चेहरा सन्मानाने कापला जातो म्हटल्यावर माळ्यांवरचे फ्लेक्स आपण होऊन यायला लागले. चाळीस दिवसांत दोन हजार आठशे किलो फ्लेक्स जमा झाला. विलगीकरणानंतर टाकीयोग्य माल उरला दोनशे बारा किलो. निघालेले चेहरे सहा हजार तीनशे अठरा. पोती तालमीत, कुस्तीच्या हौद्याच्या कडेने रचली. दोन पैलवानांनी तक्रार केली, की डाव टाकताना सगळी पेठ बघतीय असं वाटतं आणि पकड सुटते. त्यांना पोत्यांची तोंडं बांधून मिळाली.

नियमात एक पळवाट मी स्वतः ठेवली होती. चेहऱ्याच्या मालकाने लेखी संमती दिली, तर चेहरा टाकीत घालता येईल. मालक हयात नसेल तर वारसाची संमती. मालकाने पक्ष बदलला असेल तर दोन्ही पक्षांची. संमतीसाठी एक वही केली. वहीला दोन रकाने, 'परत हवा' आणि 'टाकीत टाका'. मग या वहीची माहिती लोकांपर्यंत पोचवायला जागृती मोहीम काढली. पत्रकं पावसात भिजतात, म्हणून आवाहन फ्लेक्सवर छापायचं ठरलं.

छापण्याचं काम रुद्रय्यांकडे. पेठेतले सगळे फ्लेक्स तेच छापतात. मूळचे कर्नाटक सीमेकडचे, बोलायला मऊ आणि हिशेबाला सरळ. पोती बघून ते मला म्हणाले, "यप्पा! सायब, कशापायी जपून ठेवलायसा ह्ये? समद्यांच्या फायली हायत की माझ्या काम्प्युटरात. आज टाका टाकीत, उद्या पायजे तर परत छापून देतो. चेहरा कुटं जातोय?"

मी हे समितीपुढे ठेवलं. समितीने त्याची गंभीर दखल घेतली आणि रुद्रय्यांना समज दिली, की अशा बोलण्याने चेहऱ्याची किंमत कमी होते. त्यांनी निमूट मान डोलावली आणि आवाहनाचे नव्वद फ्लेक्स छापून दिले. प्रत्येकावर समितीच्या तेराही सदस्यांचे चेहरे होते. मोहिमेत वापरलेल्या फ्लेक्सचं वजन सहाशे चाळीस किलो भरलं. मोहिमेमुळे मिळालेल्या संमत्यांची संख्या शून्य. 'परत हवा' या रकान्यात मात्र अठराशे सह्या झाल्या, त्यामुळे जागृती झाली नाही असं कोणालाही म्हणता येणार नाही.

सदुसष्टाव्या दिवशी वर्षाराणीबाई तालमीत आल्या आणि चेहऱ्यांच्या एका पोत्यावर बसल्या. (पोत्यावर बसण्यास मनाई आहे. मी त्या वेळी ती सांगितली नाही.) पहिल्या दिवसापासून त्यांची टाकी कोरडी होती. संस्थेतून रोज फोन येत होते. डोळे लाल झाले होते.

"सचिव, नऊ वर्षं मी पॉलिस्टर तोडत बसले," त्या म्हणाल्या. "जगात सगळ्यांत चिवट काय असतं, ते मला चुकीचं शिकवलं होतं."

मी त्यांना चहा मागवला. सचिवाच्या अधिकारात तेवढंच येत होतं.

एकाहत्तराव्या दिवशी शालूबाई डोक्यावर एक घडी घेऊन आल्या. घडी उलगडली. तो श्रद्धांजलीचा फ्लेक्स होता, आठ वर्षांपूर्वीचा, आमच्याच तालमीने लावलेला.

इथे थोडं मागचं सांगणं आवश्यक आहे. शालूबाईंचे यजमान गणपतराव हे पेठेत फ्लेक्स बांधायचं काम करायचे. खांबावर चढायचं, तोंडात सुतळी धरायची, चार टोकं ओढून बांधायची आणि उतरायचं. आठ वर्षांपूर्वी एका वाढदिवसाचा फ्लेक्स बांधताना वरून त्यांचा हात सुटला. वाढदिवस कोणाचा होता, ते पंचनाम्यात नाही. आबा त्या दिवशी फार व्यथित होते, आणि कार्यक्रम साधेपणाने, एकाच केकवर उरकण्यात आला. दुसऱ्या दिवशी तालमीने गणपतरावांना 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लावला. वर नऊ मान्यवर शोकाकुल चेहऱ्याने, आणि खाली डाव्या कोपऱ्यात गणपतराव, मतदार ओळखपत्रावरचा फोटो तळहाताएवढा मोठा केलेला. तेरा दिवसांनी फ्लेक्स उतरला, तो शालूबाईंनी मागून नेला आणि खोपटाच्या छपराला आतून लावला. वर बघितलं की दिसायचे.

"ह्यो घ्या," शालूबाई म्हणाल्या. "ह्येचा चेहरा काडू नका. हाय तसा टाका."

नियमाप्रमाणे वारस म्हणून त्यांची संमती घेणं माझं काम होतं. मी विचारलं, दुसरा फोटो आहे का घरात?

"न्हाय."

"मग कशाला देताय?"

"मग काय करू, सायब? मानूस गेला त्यो ह्याच कापडापायी. आता त्येचं सूत तरी हू दे. बारा बायकास्नी काम लागतंय." आणि त्यांनी अंगठा पुढे केला. मी शाईची डबी उघडली आणि वहीतला दुसरा रकाना दाखवला.

त्या फ्लेक्सवरच्या नऊ मान्यवरांची संमती नव्हती, म्हणून ते नऊ चेहरे शिंप्यांनी फेट्या-चेनीसकट सन्मानाने कापून पोत्यात ठेवले. गणपतराव तेवढे टाकीत गेले. मला त्या वेळी स्वतःची लाज वाटली. (ही नोंद इतिवृत्तात घेतलेली नाही.)

साठलेले काठ, उद्घाटनाच्या आणि आवाहनाच्या फ्लेक्सचे काठ, आणि शालूबाईंची घडी मिळून कशीबशी चारशे किलोची एक टाकी भरली. अठ्ठ्याहत्तराव्या दिवशी ती चालू झाली आणि यशस्वी झाली. मी स्वतः पाहिलं. पाणी गढूळ झालं, मग बाईंनी दाखवलं त्याप्रमाणे त्यातून पांढरी पावडर निघाली, आणि पुढची सगळी कामं होऊन आठवड्याने धागा आला. पांढरा शुभ्र, कोणाचाही रंग नसलेला. बाईंनी पहिली गुंडी शालूबाईंच्या हातात दिली आणि खरं तेच सांगितलं, की यातला कुठला धागा गणपतरावांचा ते ओळखता येणार नाही, सगळं एक झालंय.

"ऱ्हाऊ द्या," शालूबाई म्हणाल्या. "जित्ता हुता तवा तरी त्येला कोण येगळं वळखत हुतं?"

त्या धाग्याने त्यांनी आपल्या कचऱ्याच्या पोत्याची उसवलेली शिवण घातली आणि दुपारच्या फेरीला निघून गेल्या.

पहिल्या टाकीच्या यशाबद्दल समितीने स्वतःच्या अभिनंदनाचे चव्वेचाळीस फ्लेक्स लावले. तोवर नव्वद दिवस संपले. तीनऐवजी एक टाकी झाली होती. बाईंनी संस्थेच्या हातापाया पडून आणखी पंधरा दिवस मागून घेतले, त्यांतले अकरा दिवस आज संपले. सोमवारी सकाळी ट्रक येणार आहे. बाईंनी काल शेडमधल्या आपल्या वह्या खोक्यात भरायला घेतल्या. शालूबाई आणि त्या अकरा बायका रोज सकाळी शेडच्या दाराशी येऊन उभ्या राहतात, आणि आपापली कचऱ्याची पोती उचलून कामाला जातात. दोन टाक्यांना लागणारा सगळा माल तालमीच्या हौद्याभोवती पोत्यांत बांधून तयार आहे. फक्त संमत्या नाहीत.

आबा परवा वही बघायला आले होते. पेन हातात घेतलं, दुसऱ्या रकान्यापर्यंत नेलं, बराच वेळ धरलं. मग म्हणाले, "आदी बाकीच्यांच्या हू देत. आपून फुडं फुडं केल्यागत दिसतंय." आणि पेन ठेवून गेले. माझीही सही अजून झालेली नाही. सचिवाने सगळ्यांत शेवटी सही करावी असा नियम आहे. (नियम मीच केला. तो कधी केला, तेही मला आठवतं. एकाहत्तराव्या दिवशी, संध्याकाळी.)

आता मुख्य कामाकडे येतो, कारण हे सगळं लिहिलं ते तुमच्यासाठी. सहा हजार तीनशे अठरा चेहऱ्यांपैकी पाच हजार नऊशे सात चेहऱ्यांची ओळख पटली आहे. चारशे अकरा चेहरे बेवारस आहेत. तुम्ही इथवर मजेत वाचत आलात, कारण हे आमच्या पेठेचं आहे असं तुम्हाला वाटलं. पण बेवारस चेहऱ्यांत तुम्हीही आहात. कोणा मित्राच्या वाढदिवसाला 'शुभेच्छुक' म्हणून, खालून दुसरी रांग, डावीकडून सातवे. फ्लेक्स लागला त्या दिवशी तुम्ही मुद्दाम त्या रस्त्याने गेला होतात, आणि लांबून आपण दिसतो का ते बघितलं होतंत. नाही म्हणू नका. आम्ही सगळेच गेलो होतो.

तरी तुम्ही रविवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तालमीत येऊन आपल्या चेहऱ्याबाबत निर्णय कळवावा. येताना ओळखपत्र आणावं. नुसता चेहरा दाखवून चालणार नाही. फ्लेक्सवरच्या चेहऱ्याशी तो जुळत नाही, असा समितीचा आजवरचा अनुभव आहे. पेन वहीला दोरीने बांधलेलं आहे. 'टाकीत टाका' या रकान्यात आजच्या तारखेला एकच अंगठा आहे, आणि खाली जागा भरपूर आहे. 'परत हवा'ची पानं मात्र संपत आली होती. पण तुम्ही त्याची काळजी करू नका, तुमच्यासाठी आम्ही कालच नवी वही आणून ठेवली आहे.